बटण कोण दाबतं?

रेडिओवाल्या आजोबांनी चाळीस वर्षं लोकांचे मुके रेडिओ बोलते केले, आणि आता घरचंच वायफाय त्यांच्याशी अबोला धरून बसलं होतं.

त्यांच्या फोनवर शेजाऱ्यांच्या वायफायची नावं ओळीने दिसत. दंतवैद्याचं, शिंप्याचं, वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईचंसुद्धा. घरचं तेवढं नाही. बरं, रोजच नाही असंही नाही. काल होतं, आज गुल. सुनेच्या फोनवर मात्र कायम हजर.

"पासवर्ड चुकला असेल, बाबा."

"अगं, नावच दिसत नाही. पासवर्ड काय भिंतीवर लिहू?"

मुलगा परदेशी नोकरीला. संध्याकाळी सातला त्याचा चेहरा दिसला की म्हाताऱ्याचा दिवस सार्थकी लागायचा. सुनेने नवा राउटर बसवल्यापासून तो चेहरा निम्मे दिवस हुकत होता. "माझ्या फोनवरून बोला की," सून म्हणे. पण तिच्या फोनवर, तिच्या देखत बोलायचं तरी काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात असताना, येता-जाता बिघडणारा सेट आला की ते वेळा टिपून ठेवत. तशीच वही पुन्हा उघडली. 'सोमवार. सुनेने बटण दाबलं. नाव गेलं. मंगळवार. सुनेने बटण दाबलं. नाव आलं.' कामावर जाताना ती राउटर बंद करी, परतल्यावर चालू; आणि चालू केल्यावर नाव कधी येई, कधी नाही. म्हणजे सगळा खेळ तिच्या बोटाचा! शनिवारी ती दाराशी कुणाशी बोलत होती, तेवढ्यात तिच्याच फोनवरून त्यांनी मुलाला हळूच सांगितलं, "उद्या घरातली एक गोष्ट सांगायचीय. एकट्याला."

रविवारी सून बाजारात गेल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबून राउटर बंद-चालू करून बघितला. नाव गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नाहीच. तिसऱ्यांदा आलं. घरात दुसरं चिटपाखरूही नव्हतं. मग नाव नेलं कुणी?

सून पिशव्या ठेवतेय तोच म्हणाले, "बंद-चालू केलं की याच्या आत काय बदलतं, बघ बरं."

तिने फोनवर सेटिंग उघडलं. "चॅनल बदलतं. जिथे गर्दी कमी, तिथे आपोआप जाऊन बसतं. आत्ता सहावर आहे."

त्यांनी परत बटण दाबून बंद-चालू केलं. त्यांच्या फोनवरून नाव गायब.

"आता?"

"तेरा."

रेडिओवाल्यांना दुकान आठवलं. बाहेरदेशाहून आणलेले सेट त्यांच्याकडे यायचे. स्टेशन हवेत गात असायचं, पण सेटचा काटा तिथवर जातच नसे. सेट बिघडलाय म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायचं, तेव्हा ते हसून सांगत, "बिघडला नाही हो, हा बनलाच तिकडच्या स्टेशनांपुरता." आणि हा फोन मुलाने तिकडूनच तर धाडलेला; तेराव्या चॅनलपर्यंत याचा काटा पोचतच नसणार!

"सहावरच पक्कं कर त्याला. हलू देऊ नकोस."

तिने केलं. नाव आलं. तेवढ्यात तिची नजर उघड्या वहीवर गेली. ती उभ्याउभ्याच पान वाचत राहिली.

"'सुनेने बटण दाबलं.' नऊ वेळा लिहिलंय, बाबा."

"बिघाड शोधत होतो गं."

"फोनमधला की माझ्यातला?"

वही मिटून ती आत गेली. नळाखाली भांडी आदळू लागली.

सातला मुलाचा चेहरा आला, थेट त्यांच्याच फोनवर. "बाबा, एकटेच आहात ना? काय सांगायचं होतं?"

आतला नळ बंद झाला.

"हेच, की तू धाडलेला फोन अर्धा बहिरा आहे," रेडिओवाले मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "आणि माझी अक्कल चालेना, तेव्हा तुझ्या बायकोने तो ताळ्यावर आणला."

मग नळ पुन्हा सुरू झाला. भांडी मात्र आता आदळत नव्हती.