पाटीवरचं वेल्डिंग

“ही बंदूक ब्रिटिश असूच शकत नाही,” स्क्रीनकडे बघत मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. वेल्डिंग कुठे जाड, कुठे बारीक. नळीसुद्धा धड मध्यावर नाही.

हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला माझं काम वस्तू न उघडता आत बघण्याचं. दवाखान्यात माणसाचा काढतात तसा आम्ही धातूच्या पार्टचा सीटी स्कॅन काढतो. कोविडमुळे ऑर्डर आटल्या होत्या. घरी दोन मुलांची ऑनलाइन शाळा, मी पार थकून गेले होते. त्यात माझ्या बॉसने, विमने, ब्रेडाजवळच्या एका म्युझियमची ही स्टेनगन तपासायला घेतली.

स्टेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची स्वस्त सबमशीनगन. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये भूमिगतांसाठी ती पॅराशूटने टाकत. काहींनी शेडमध्ये नकलाही केल्या. निकामी केलेली ही बंदूक टिलबर्गच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, फरशीखाली सापडली होती. बनावटीची खूण गंजून गेलेली. ती त्या दुरुस्तीवाल्यांनी स्वतः बनवली असेल तर म्युझियमच्या पाटीवर तसं त्यांचं नाव लागणार होतं. त्यांची नव्वदीची मुलगी वृद्धाश्रमात होती.

मी रिपोर्ट दिला: स्थानिक नक्कल. पाटी तयार झाली, बंदुकीसकट तिचा फोटो आजींना गेला. एका म्हातारीचं भलं केलं म्हणून मी खूश.

विमने रिपोर्ट उशिराच वाचला. “खरी स्टेन शेजारी ठेवून बघितलीस?”

“नाही.”

“मग compare कशाशी केलंस?”

कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या मशीनच्या पार्टशी. तिथे केसभर फरक पडला की माल reject. इंग्रजांना तेव्हा बंदुका झटपट हव्या होत्या, सुबक नकोत. मिळेल त्या छोट्या वर्कशॉपमध्ये पार्ट बनत. म्युझियमने स्टोअरमधली खरी स्टेन पाठवली. मापं तीच, वेल्डिंगही तितकंच गबाळं.

माफी मागायला मी स्वतः गेले. भेटी बंद होत्या. आजी काचेच्या आत, मी बाहेर, दोघींच्या कानाला फोन.

“आजी, माझी चूक झाली. ती तुमच्या वडिलांनी बनवलेली नाही. इंग्लंडचीच आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “फोटो आल्यापासून मला चैन पडेना. बाबांनी जोडलेल्या फ्रेमवर बोट फिरवलं तरी जोड सापडायचा नाही. आणि ते वेल्डिंग त्यांच्या नावावर! त्यांनी ती लपवली, तेवढंच लिहा.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही एक्स-रे काढला होता ना!”

पाटी बदलली. हल्ली मी रिपोर्टआधी, ज्यांची वस्तू त्यांच्या घरच्यांना एक फोन करते. स्कॅनपेक्षा कमी वेळ लागतो.