वीतभर उंचीवरचं भोक

वीतवाल्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. टेप, फूटपट्टी असल्या गोष्टींचा त्याला मनापासून तिटकारा. दाराची चौकट असो, जाळ्याचा घेर असो, की पाहुण्यांकडची खाट, हा गडी पंजा पसरणार, वितीवर वीत टाकत जाणार आणि वर "बोटभर कमी आहे" असं ज्याचं त्याला सुनावणार. लोक हसायचे, आणि विचारायला पुन्हा त्याच्याकडेच यायचे. माणसाला स्वतःच्या हाताचा एवढा गर्व असू नये. पण होता, आणि त्याला सांगायला जाणार कोण?

त्याचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलं. लाकडी होडी, तिचं कुरकुरणारं इंजिन, आणि बायको गेल्यावर पदरात उरलेली एकुलती एक मुलगी, एवढाच काय तो संसार. होडी जुनी, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपणार हे ठरलेलंच. तळाशी साचलेलं पाणी डब्याने उपसून बाहेर फेकता फेकता शेवटी त्याचा उजवा खांदा कामातून गेला. हात डोक्याच्या वर जाईना. मग मुलीने बापाला घरी बसवलं आणि होडी जावयाच्या हातात आली.

जावई बरा मिळाला होता. बरा कसला, लाखात एक. कष्टाळू, तोंडाने गोड, सासऱ्याला बाबा म्हणणारा. पण नशीब असं करंटं, की त्याने होडी हातात घेतली आणि मासळीने पाठ फिरवली. एक हंगाम गेला, दुसरा गेला, तिसराही तसाच चालला. टोपलीचा तळ झाकला तरी आनंद. सोबतीला गडी ठेवणं परवडेना, म्हणून हा एकटाच जायचा. सुकाणूही त्यानेच धरायचं, जाळंही त्यानेच ओढायचं, आणि मधूनच वाकून पाणीही त्यानेच उपसायचं. एकदा असा वाकलेला असताना लाट आली आणि तो बाहेर पडता पडता वाचला. संध्याकाळी घरी येऊन त्याने हे अगदी रंगवून, हसत हसत सांगितलं. मुलीला काही हसू आलं नाही. नवरा हातपाय धुवायला गेल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, काहीही करा, पण होडीला पंप बसवा. मला माझा माणूस रोज घरी परत यायला हवा आहे."

दुसऱ्या दिवशी वीतवाला दुकानात जाऊन उभा राहिला. दोरखंड, रंगाचे डबे, इंजिनाचे सुटे भाग असं सगळं खचाखच भरलेलं दुकान. दुकानदार सरळ माणूस होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी त्यालाही नावं ठेवली. त्याने तीन पंप फळीवर मांडले.

"हा हाताने मारायचा. बिघडण्यासारखं यात काही नाहीच."

"आणि मारणार कोण? जावई एकटा असतो."

"मग हा मोठा घ्या. बॅटरीवर चालतो, पाणी चांगलं उंच फेकतो."

किंमत ऐकून वीतवाल्याने चटका बसल्यासारखा तो पंप खाली ठेवला. "हा लहान कसा आहे?"

"सगळ्यात स्वस्त. तळाशी बसवून टाका. पाणी चढलं की आपोआप सुरू, उतरलं की बंद. तुमचं झिरपणं याच्या आवाक्यातलं आहे. पण काका, याच्यात दम कमी. उंच फेकायला लावलंत तर नुसता घुरघुरत बसेल. म्हणून पाणी बाहेर सोडायचं भोक फार वर घेऊ नका. आणि नळीत हा व्हॉल्व्ह टाका, म्हणजे बाहेरचं पाणी उलटं आत येणार नाही."

"व्हॉल्व्हचे पैसे वेगळे?"

"वेगळे. आणि खरं सांगू, त्याने जोर आणखी थोडा कमी होतो."

"मग राहू दे," वीतवाला म्हणाला. "आधीच अशक्त, त्यात त्याचा गळा कशाला आवळायचा?"

दोघेही हसले. तुम्ही-आम्ही तिथे असतो तरी व्हॉल्व्ह दुकानातच राहिला असता.

होडी धक्क्याला बांधलेली होती. पाणी रोज जिथवर पोचायचं, तिथे तिच्या अंगावर शेवाळाची हिरवी रेघ उमटली होती. वीतवाल्याने वाकून रेघेवर अंगठा ठेवला, पंजा ताणला आणि करंगळी टेकली तिथे खडूने खूण केली. ड्रिल घेऊन उभा असलेला जावई जरा घुटमळला.

"बाबा, अजून थोडं वर घेऊ या का?"

"वर घेतलं तर पंप घुरघुरेल. वीतभर पुष्कळ झालं."

मेख इथेच होती. ती रेघ रिकाम्या होडीची होती. मोकळ्या टोपल्या घेऊन जाणारी आणि जवळजवळ मोकळ्याच घेऊन येणारी होडी पाण्यात बुडणार ती किती? याच माणसाने ऐन उमेदीत चार बोटं काठ वर राहील इतकी भरलेली होडी बंदरात आणली होती. पण तीन हंगामांच्या दुष्काळाने त्याच्या डोक्यातून भरलेली होडी पार पुसली गेली होती. जो नवा असता त्याने विचारलं असतं, मासळी भरल्यावर हे भोक कुठे येईल? या घरात तो प्रश्न कुणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

पंप मात्र झकास चालला. होडीच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडताना दिसायची आणि धक्क्यावर बसलेला वीतवाला येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवायचा. मुलगी पहिल्यांदाच निर्धास्त झोपू लागली.

आणि मग एका दुपारी जावयाचा फोन आला. मासळीचा थवाच्या थवा लागला होता, टोपल्या संपल्या, आता नुसती होडीत ओततोय म्हणाला. मुलगी बापाला घेऊन धावतच धक्क्यावर आली. बघायला दहा-बारा जण जमले. बंदराच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात, त्याच्या जरा पलीकडे होडी दिसू लागली. चांगली जड होऊन, सावकाश येत होती. जावयाने उभं राहून हात हलवला, मुलीनेही हलवला.

वीतवाल्याने सवयीने पाण्याची धार शोधली. धार दिसेना. त्याला आधी बरंच वाटलं, पंप बंद म्हणजे तळ कोरडा. मग त्याने भोक शोधलं. तेही दिसेना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"फोन लाव त्याला. आधी फोन लाव."

मुलीने फोन लावून दोघांच्या मध्ये धरला.

"बाबा, बघितलंत का होडी?"

"जावईबापू, पंप चालू आहे का?"

"आहे की. केव्हाचा चालूच आहे, बिचाऱ्याला उसंत नाही. आता आवाज जरा बारीक झालाय."

"भोक पाण्याखाली गेलंय. समुद्र त्या नळीतून आत येतोय. पंप थकला की बुडालात. नळी मुडपून बांधा."

"नळी मासळीच्या खाली दबली, बाबा. आता कशी काढू?"

"मग मासळी फेका."

"तीन हंगामांनी मिळालीय हो." तो हसला. "धक्का समोर दिसतोय. आणि पंप तुम्ही स्वतः बसवलाय, मग कसली काळजी?"

"फेक रे बाळा. सगळं फेक."

इतक्या वर्षांत त्याने जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. जावयाचं हसणं थांबलं. "फेकतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने फेकली. सगळ्यांनी बघितलं. एक टोपली गेली, दुसरी गेली. वेड लागलं की काय याला, असं कुणीतरी म्हणालंही. पण टोपली उचलायची म्हणजे सुकाणू सोडायला लागत होतं. होडी लाटांना आडवी झाली. एक लाट चढली, दुसरी चढली, आणि मग तिथे होडी नव्हती. दुसऱ्या होड्या लगेच निघाल्या. तो सापडला, पण स्वतःच्याच जाळ्यात गुरफटलेला, आणि संपलेला.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरून गेलं. लोक बोलतातच, त्यांना कोण अडवणार? जावयाचा लांबचा काका पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाला, "आधीच थोडी फेकली असती तर? हाव नडली पोराला."

मुलगी आतल्या दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "तो हावरा नव्हता, एवढं तरी सांगा यांना."

वीतवाल्याने सांगितलं. स्वस्तातला पंप, दुकानात राहिलेला व्हॉल्व्ह, शेवाळाची रेघ, खडूची खूण, सगळं. काही हातचं राखलं नाही. जावई वर घेऊ या म्हणाला होता, तेही सांगितलं.

"त्याने वर घेऊ या म्हटलं होतं?" मुलीने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

ती आत निघून गेली. घर सोडून गेली नाही, जाणार तरी कुठे? दोघं त्याच दोन खोल्यांत राहतात. ती त्याला वेळच्या वेळी वाढते, कपडे धुते, खांद्याला तेल चोळते. बाबा मात्र म्हणत नाही. स्वयंपाक झाला की ताट समोर ठेवते आणि भिंतीकडे बघत म्हणते, "वाढलंय."