कड्याच्या विहिरीवर घेतलेली मापं

उत्तर नॉर्वेतून निघाले तेव्हा दुपार होती आणि बाहेर अंधार होता. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. दुपारी आकाश थोडा वेळ निळसर होतं, तोच दिवस समजायचा. माझ्या बॅगेत आईसाठी चॉकलेट, विमलआत्यासाठी शाल आणि तळाशी एक जाडजूड, गळ्यापासून घोट्यापर्यंत येणारा लोकरी पोशाख होता. माझी सहकारी इंग्रिड विमानतळावर सोडायला आली होती. बीडला असलं काही कशाला नेतेस, असं तिने विचारलं नाही. तिला कारण माहीत होतं.

मी समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करते. त्यासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून, फ्रीजमधल्या बाटलीपेक्षाही गार पाण्यात उतरावं लागतं. म्हणून आम्ही ड्रायसूट घालतो. त्याच्या गळ्याशी आणि मनगटांशी घट्ट रबर असतं, पाणी आत येत नाही. आत लोकरीचे कपडे आणि थोडी हवा, त्यावर माणूस ऊबदार राहतो. मात्र सूट ढगळ असला तर तीच हवा जिवावर उठते. संस्थेतले सूट उंच माणसांच्या बेताचे. माझे पाय आखूड आणि खांदे रुंद. थंडी सुरू होण्याआधीची गोष्ट. मी डोकं खाली करून एका खडकाखाली बघत होते. सगळी हवा पायांच्या ढगळ भागात गेली, पावलं सुटाच्या बुटांतून निसटली आणि मी उलटी वर खेचली जाऊ लागले. इंग्रिडने माझा घोटा पकडला आणि मला सरळ केलं. इजा काही झाली नाही. पण त्या दिवसानंतर मी पाण्यात उतरले नव्हते.

संस्थेने मला माझ्या मापाचा सूट शिवून घ्यायला सांगितलं. सूट शिवणाऱ्या बाईंची अट अशी की, मापं दुसऱ्या माणसाने घ्यायची, आतला लोकरी पोशाख घातलेला असताना, आणि त्या वेळी त्या स्वतः फोनवर बघणार. सुट्टी तोंडावर होती. बीडहून मापं कळवते, असं मी त्यांना सांगून टाकलं. खरं तर सूट घ्यायचा की कामच सोडायचं, हे माझं ठरत नव्हतं.

पुण्याहून एसटीने बीडला पोहोचले. स्टँडबाहेर रिक्षावाले तसेच, कोचिंग क्लासचे बोर्ड मात्र आणखी वाढलेले. आईने पिठलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. घोट्याची गोष्ट तिला फोनवरच सांगितली होती. हात धुतल्यावर तिने सरळ सांगितलं की आता ते सोडून दे, इथे कॉलेजात शिकवायला लाग. मी ताटं उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी पोशाख घेऊन बाजारातल्या एका टेलरकडे गेले. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यात घालायचा सूट म्हटल्यावर मास्तरांना रेनकोट वाटला. त्यांनी आपुलकीने सांगितलं की रेनकोट तयारच घ्यावा, शिवलेला गळतो. तिथल्या गर्दीत तो लोकरी अवतार चढवायचं धाडस मला झालं नाही. घरी आले तर आईच म्हणाली की विमलकडे जा, ती अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवायची. सोडून दे म्हणणारी आईच मापांसाठी पत्ता सांगत होती. मला हसू आलं, पण हसले नाही.

आत्या कडा गावाला राहते. तिथे रेल्वेने गेले. बीडच्या लोकांनी वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती रेल्वे आता खरोखर धावते. शेजारी एक आजोबा हरभऱ्याचे ढाळे (घाट्यांनी भरलेल्या हिरव्या डहाळ्या) मांडीवर घेऊन बसले होते. मी कुठून आले ते ऐकून त्यांनी अर्धे ढाळे माझ्या हातात दिले. नातू पुण्याला असतो, त्याला नेतोय, पण तो काही एवढे खायचा नाही, असं म्हणाले. खिडकीबाहेर ज्वारी कणसावर आलेली. इतक्या दिवसांच्या अंधारानंतर एवढं ऊन बघून माझे डोळे भरून आले. आजोबांना वाटलं डोळ्यात कचरा गेला. त्यांनी खिडकी ओढून घेतली.

विमलआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वडील गेल्यावर माझ्या शिक्षणासाठी घरात सगळ्यांशी भांडली ती हीच. मला पोहायलाही तिनेच शिकवलं, तिच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत. तिचं घर शेतातच आहे. पोहोचले तेव्हा आगटी पेटलेली होती आणि हुरडा भाजणं चाललं होतं. आत्याने तळहातावर चोळून गरम हुरडा माझ्या ओंजळीत टाकला आणि मग विचारलं, कशी आहेस.

आत्याच्या घरात फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्याशी. तेव्हा भर उन्हात, अंगात लोकरी पोशाख, कपाळावरून घाम गळतोय, अशी मी कठड्याशी उभी राहिले. शेजारच्या रानातल्या बाया खुरपी टाकून बघायला आल्या. फोनवर सूट शिवणाऱ्या बाई इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत सांगायचे आणि आत्या टेप लावायची. उभं राहून, उकिडवं बसून, हात डोक्यावर नेऊन, छातीवर दुमडून. मधेच फोन बंद पडला, पुन्हा लागला. सूट अंगाला चिकटून नको, ढगळही नको, असं बाई म्हणाल्या. आत्याने लगेच मला ज्वारी कापताना वाकतात तसं वाकायला लावलं आणि पाठीचं माप पुन्हा घेतलं. पलीकडे बाईंनी मान डोलावली.

मग निवडी सुरू झाल्या. कापड जाड फोमचं की पातळ पण चिवट? मी पातळ सांगितलं, त्याच्या आत कमीजास्त लोकर घालता येते. बूट सुटालाच जोडलेले की सुटाला नुसते मोजे आणि वरून वेगळे बूट? मोजे, म्हणजे पावलं निसटणार नाहीत. चेन पुढून की पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत? पुढची चेन आपली आपण लावता येते. पाठीची जास्त टिकते, पण ती दुसऱ्याने लावावी लागते. मी ठरवून आले होते की पुढची घ्यायची, कुणावर अवलंबून राहायचं नाही. तरी दोन दिवसांत कळवते म्हटलं आणि फोन ठेवला.

बाया पांगल्या. आत्या टेप गुंडाळत म्हणाली, “सगळी मापं दिलीस, पर पाण्याकडं एकदा बी बघितलं न्हाईस. कावून (का) गं?”

मी कठड्यावर बसून सगळं सांगितलं. उलटं होणं, कानातला दाब, वर-खाली न कळणं. आत्याने टेप कमरेला खोचली. मग म्हणाली,

“सूट घे न्हाईतर नको घेऊ, काम बी सोड वाटलं तर. पर भिऊन सोडू नको. सकाळी आपण दोघी उतरू.”

हिवाळ्यात सकाळी विहिरीचं पाणी कोमट असतं. हे मी विसरूनच गेले होते. पाण्यावर वाफ होती. आत्या पातळाचा काष्टा मारून आधी उतरली. मी शेवटच्या पायरीवर थांबले. आत्या जवळ येऊन म्हणाली, “डोकं खाली घालून जा, जशी लहानपणी जात होतीस. मी घोटा धरते. झटका दिलास की सोडते.”

मी श्वास घेतला आणि डोकं खाली घातलं. पहिल्यांदा तशीच धडपडत वर आले. पाणी नाकात गेलं, खोकले. आत्याने घोटा सोडला नव्हता. पुन्हा गेले. हिरवट अंधार, कानांवर दाब, आणि पायाला तिच्या खरखरीत बोटांची पकड. छातीतली धडधड हळूहळू कमी झाली. बुडालेल्या पायऱ्या दिसू लागल्या, त्यांच्या फटीतलं शेवाळ दिसू लागलं. मग मी पायाला झटका दिला. तिने सोडलं. मी खाली गेले, दगडाला हात लावला आणि माझी मी वर आले.

आत्या पायरीवर बसून पदर पिळत होती. “लई येळ लावलास,” एवढंच म्हणाली. तिचा आवाज मात्र कापत होता. तेव्हा कळलं, तीही भ्याली होती.

त्याच दिवशी मी सूट नक्की केला. चेन पाठीवरची.

बीडला परत आल्यावर आईला सांगितलं. तिने वाद घातला नाही. हुरड्याची पुडी, चटणी आणि तिळाचे लाडू बॅगेत कोंबत राहिली; लोकरी पोशाखाने अडवलेली जागा तिने त्याच्या बाह्यांत लाडवांचे डबे घालून वापरली.

सूट आला तोवर उत्तरेत सूर्य परतला होता. किनाऱ्यावर बर्फ होतं. इंग्रिडने पाठीवरची चेन लावली, टोकापर्यंत गेल्याची बोटांनी खात्री केली आणि खांद्यावर थोपटलं. आम्ही उतरलो. वाकले, खडकाखाली डोकं घातलं; हवा पायांकडे धावली नाही. समुद्री वनस्पतींची लांब पानं डोलत होती आणि मी त्यांच्यामध्ये निवांत मोजणी करत होते.

प्रवासाला निघाले तेव्हा वाटलं होतं की सूट म्हणजे कुणाची गरज न लागणं. बीडहून परतले ती उलटंच शिकून. पाण्यात उतरणारं माणूस एकटं कधीच नसतं; कुणी माप घेतलेलं असतं, कुणी घोटा धरलेला असतो, कुणी नको म्हणत म्हणत लाडू बांधून दिलेले असतात. या सगळ्यांचे आभार कसे मानायचे हे मला अजून नीट कळलेलं नाही.

वर आल्यावर इंग्रिडने चेन उघडली. मी किनाऱ्यावर बसून सूट उतरवला. थंड हवेत अंगातून वाफा निघत होत्या. पायांतले आतले लोकरी मोजे चाचपून पाहिले. ते पूर्ण कोरडे होते. मी किती तरी वेळ ते हातात धरून बसले.