खडूनं लिहिणारी ताई

"पेंटनं लिवू नोका काकाजी, खडूनं लिवा." दिवसातून एकदा तरी ती हे म्हणायची, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरायचं.

तिचं माहेर वलगावचं. घरचं भाजीचं शेत आणि बाजारात बसायची जागा. सकाळची मेथी संध्याकाळी त्याच भावानं जात नाही, म्हणून भावाची पाटी खडूनं लिहायची आणि फडक्यानं पुसायची. हे ती लहानपणापासून बघत आलेली. लग्न होऊन अकोल्याला गेली, पण नोकरीसाठी रोज अमरावतीला माझ्या पुतण्याच्या कंपनीत यायची. निवृत्तीनंतर मीही तिथे गिऱ्हाइकांचे फोन घेत होतो.

कंपनीचं काम साधं. पोरं आपापल्या घरी बसून जे गेम एकत्र खेळतात, त्यांचे सर्व्हर भाड्यानं द्यायचे. प्रत्येक गेमचा एक साचा असतो. गिऱ्हाईक आलं की त्या साच्यातून त्याचा सर्व्हर तयार होतो. आमच्या साच्यांत सगळं कायमचं ठोकलेलं होतं. खेळाडू किती, किती वेळानं खेळ सेव्ह व्हायचा, सगळं. "काका, दहाचे वीस करा ना," असे फोन दिवसभर यायचे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आत जाऊन हातानं बदल करायचा.

"हे पक्कं काहून ठेवलं?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. "ज्याचं त्याले बदलू द्या ना."

मग तिनं एकेक साचा हाती घेतला. ॲडमिन पॅनलमध्ये ती प्रत्येक बदलत्या गोष्टीला नाव द्यायची, सुरुवातीचा आकडा भरायची, गिऱ्हाइकाला ती दिसावी का, बदलता यावी का, हे ठरवायची. शेवटी, सर्व्हर सुरू करणाऱ्या लांबलचक ओळीत ठोकलेल्या आकड्याच्या जागी ते नाव बसवायची. मग गिऱ्हाइकाच्या पानावर एक चौकट उघडायची. त्यानं तिथे आकडा भरायचा, सर्व्हर बंद करून सुरू करायचा, झालं.

पण सेव्हचं बटण दाबण्याआधी ती दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायची आणि ती ओळ पहिल्यापासून मोठ्यानं वाचायची. पाढे म्हणावेत तशी. इकडे माझ्या कानाला फोन, पलीकडे गिऱ्हाईक तापलेलं.

"अवं ताई, दाब ना ते बटन!"

"थांबा. चौकट केली अन् ओळीत नाव नाही टाकलं, तं ते चौकट नुसती शोभेची. मानूस भरत बसन, अन् आत काहीच होनार नाही." आणि मी मध्ये बोललो म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं बरोबर असतं, आणि म्हणूनच ती जास्त छळतात.

चौकटीखाली गिऱ्हाइकासाठी सूचना लिहायची असते. पुतण्या म्हणाला, इंग्रजीत लिही. तिनं लिहिलं, "याच्याहून जास्त टाकसान तं गेम अडकन. मंग मले बोलू नोका." पुतण्या चिडला. पण माझे फोन निम्म्यावर आले, हे मला मान्य केलं पाहिजे. तिवस्याच्या एका पोरानं दोनशे खेळाडूंची जागा मागितली, तर हिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"खेळनारे किती हायेत तुमी?"

"सात."

"मंग बाकीच्याईले का जेवाले बोलावता?"

आता जे सांगायचं आहे ते. तिवस्याला नात्यातलं लग्न होतं म्हणून एकदा ती रजेवर होती. एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर सुरू होईना आणि तो फोनवर ओरडत होता. मी पॅनल उघडलं. आमच्याकडे सगळे एकाच लॉगिननं आत जायचो, तिच्याच नावाच्या. जुन्या मेसेजमध्ये साच्याची पूर्वीची ओळ सापडली. ती मी चिकटवली आणि सेव्ह केलं. सर्व्हर सुरू झाला. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला आणि ते विसरून गेलो.

त्या जुन्या ओळीत खेळ सेव्ह व्हायचा वेळ अर्धा तास असा ठोकलेला होता. चौकट मात्र तशीच उघडी होती. पुढे त्याच साच्यातल्या सर्व्हरवर अकोल्याच्या कॉलेजच्या पोरांची गेममधली इमारत उभारायची स्पर्धा आली. त्यांनी चौकटीत पाच मिनिटं भरली आणि निर्धास्त झाली. निकालाच्या तोंडावर सर्व्हर कोसळला, आणि त्यांचं शेवटच्या अर्ध्या तासाचं काम गेलं. वर जाणारा जिनाच गेला.

तिनं पॅनल उघडून बघितलं. बदल तिच्याच नावावर होता.

"काकाजी, या ओळीले तुमी हात लावला होता का?"

"मला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

चिकटवलेली ती ओळ मला आठवली होती. पुतण्या तिला म्हणाला, "हे तुझ्या चौकटींमुळे." एवढंच. तिला कुणी काढलं नाही. "मी केलं नाही ते माह्या नावानं लिवलं हाय. तिथं मी कायले बसू?" असं म्हणून ती अकोल्याच्या गाडीला गेली.

पुतण्यानं सगळ्या चौकटी लपवल्या. आकडे पुन्हा ठोकले गेले. दहाचे वीस करा, वीसचे दहा करा, दिवसभर तोच फोन. वर, नवा माणूस आला की त्याला 'खडूवाल्या ताई'ची गोष्ट हसत हसत ऐकवली जाते. मी शेवटी पुतण्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, जुनं झालं." दुसऱ्या दिवशी नव्या मुलीला त्यानं तीच गोष्ट तशीच सांगितली. म्हणून हे लिहितो आहे. ती ओळ मी बदलली होती.

तिलाही फोन केला. सगळं सांगितलं.

"ते नाव ओळीत परत टाकलं का मंग?"

"नाही."

"मंग मले कायले फोन केला? पयले ते करा." फोन बंद.

मी पॅनल उघडलं. अर्धा तास खोडला, तिनं दिलेलं नाव तिथे बसवलं, चौकट दिसेल अशी केली. टेबलावरचा फोन वाजत होता. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि ओळ मोठ्यानं वाचायला लागलो. नव्या मुलीनं मध्येच विचारलं, "काका, फोन घेऊ का?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.