गॅरेजमध्ये न बिघडणारी गाडी

रेखा मॅडमचा फोन आला तेव्हा त्या सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला अडकल्या होत्या. गाडी परत मिसिंग मारत होती आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. म्हटलं, कडेला घ्या, येतो. गेल्या काही आठवड्यांतली ही तिसरी खेप, त्यामुळे जाताना माझंच डोकं तापलं होतं.

मिसिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल जातं, वरून प्लग ठिणगी टाकतो आणि ताकद तयार होते. चौघांनी आळीपाळीने आपापलं काम केलं तर गाडी लयीत चालते. एकाने अंग काढलं की ती हिसके देते, पिकअप जातो, सिग्नलला थरथरते. कारणं शंभर असू शकतात, आणि ती शोधण्यात आम्हा मेकॅनिक लोकांची उमर जाते.

गाडी जुनी सेडान. सेकंडहँड आली तेव्हापासून माझ्याच हाताखाली आहे, त्यामुळे तिच्याविषयी कुणी वाईट बोललं तर मला लागतं. रेखा मॅडम अक्कलकोटच्या बाजूला एका शाळेत शिकवतात. आधी दोन बस बदलून जायच्या. चाळिशीत याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या. आता वाटेतल्या दोन शिक्षिकांनाही घेऊन जातात. त्यांचे मिस्टर विलासराव अकलूजला नोकरीला असतात, शनिवार-रविवारी घरी येतात.

गाडी हळूहळू गॅरेजला आणताना मॅडमनी खरी गोष्ट सांगितली. विलासरावांनी गिऱ्हाईक ठरवलं होतं, रविवारी गाडी बघायला येणार होतं. रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीतून बायकोला एकटं पाठवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

"ही गेली की दुसरी लगेच येणार नाही, नागनाथभाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी परत स्टँडवर."

आधीच्या दोन खेपांना मी प्लग नवीन टाकले होते, पेट्रोलची लाईन साफ केली होती. या वेळी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला विचारायचं यंत्र. त्याने तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. तिसऱ्याची कॉईल, म्हणजे प्लगला करंट देणारा भाग, काढून पहिल्यावर बसवली. कॉईल खराब असेल तर तक्रारही पहिल्यावर जायला हवी. पण इंजिन थंड होऊन हे सगळं होईपर्यंत दुपार झाली, आणि चालू केलं तर गाडी एकदम शहाणी झालेली. प्लगवर पांढरट डाग तेवढे दिसले. इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय की काय म्हणून तेही तपासलं. एक थेंब कमी नव्हता.

बॉनेटखालचं इंजिन मात्र चकचकीत होतं. सोलापूरच्या धुळीत इतक्या जुन्या गाडीचं इंजिन असं मी बघितलेलं नाही. मॅडमचं कौतुक केलं तर म्हणाल्या, सासरे बघतात ते सगळं. मी बरं म्हटलं आणि स्कॅनरकडे वळलो.

गाडी ठेवून घेतली. रोज फिरवली. करकंबला माझा भाऊ असतो, त्याच्याकडे एसी लावून गेलो आणि येताना डिकीत पोती टाकून आलो. एक हिसका नाही. गाडी परत दिली, आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन. फाटकातून बाहेर काढतानाच मिसिंग.

माझ्याकडे नीट चालते आणि त्यांच्या घरी बिघडते, म्हणजे भानगड घरातच होती. गाडी बंद करा, कुणी हात लावू नका, असं सांगून स्कूटर काढली.

गल्लीत शिरलो तर पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. सोलापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. आलं की अख्खी गल्ली जागी होते. बॅरल, हंडे, टाक्या भरायच्या, आणि भरून झालं की पाणी जायच्या आत चादरी, अंगण, गाड्या, सगळं धुऊन घ्यायचं.

पाईपांवरून उड्या मारत पोचलो. मॅडमचे सासरे, तात्या, बॉनेट उघडून इंजिनावर पाईप धरून उभे होते.

"हात लावू नका म्हणाली रेखा," ते म्हणाले. "हात न्हाय लावला. तापली आसंल म्हणून जरा गार करतोय."

मी आधी पाईप बाजूला घेतला. मग विचारलं, असं दर पाण्याला धुता का.

"व्हय की. आजबी पहाटं धुतली. गिरणीत हुतो तवा माग पुसल्याबिगर घरी येत न्हवतो. मशीन सोच्छ पायजे. आन आता ती तरास देतीया, म्हणून लई मन लावून धुतोय."

प्लग इंजिनाच्या डोक्यावर एका खोल भोकात बसतो. वरून कॉईल आणि रबराची टोपी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. वयाने रबर कडक होतं, फट पडते. मी तिसरी कॉईल उपसली, स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून आत घातली. चिंधी चिंब होऊन आली. भोकात पाणी असलं की ठिणगी पाण्यातूनच भलतीकडे निघून जाते. गाडी चालून तापली की पाणी उडून जातं आणि मागे फक्त आमच्या पाण्याचा पांढरा क्षार उरतो. माझ्या गॅरेजमध्ये तिला कुणी आंघोळ घातली नव्हती, म्हणून ती शहाणी होती.

तात्या चिंधीकडे बघत राहिले. "म्हंजी मीच बिघडवत हुतो."

मी म्हटलं, रबर म्हातारं झालंय तात्या, तुमचा दोष नाही. पण त्यांनी ऐकलं नाही. पाईप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि गाडीला आता हात लावणार नाही म्हणून पायरीवर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. बिघाड सापडला की मी एरवी खूष असतो.

मॅडम मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांना काही सांगू नका. तात्यांना बोलतील."

"न सांगता विलासराव ऐकणार आहेत का? दुरुस्त झाली म्हणून मी आधीच दोनदा सांगून बसलोय. गाडी जाईल."

"जाऊ दे. या वयात मुलाचं बोलणं खायला नको त्यांनी."

मी स्कूटर तिथेच ठेवली. गाडी गॅरेजला आणली, हवा मारून भोकं कोरडी केली, चारही रबरं नवी टाकली. शनिवारी तात्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. ऑइलची पट्टी कशी बघायची, कूलंट कुठल्या रेषेपर्यंत हवं, टायरची हवा कधी तपासायची, हे दाखवलं. बॉनेट बंद करून बाहेरून खुशाल धुवा, इंजिनाला फक्त कोरडं फडकं. त्यांनी ऑइलची पट्टी स्वतः पुसून परत बुडवून बघितली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

रविवारी विलासरावांनी मलाही बोलावलं. गिऱ्हाइकाला मिस्त्रीचा शब्द हवा होता. त्याने ट्रायल घेतली आणि खूष होऊन आला. "मिस्त्री, खरं सांगा, गाडी कशी आहे?"

चांगली म्हटलं तर गाडी गेली. वाईट म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "इंजिन चांगलं आहे. अजून बरीच वर्षं चालेल." मॅडम फरशीकडे बघत होत्या.

तेवढ्यात तात्या पुढे आले. "इलास, गाडीत खोट न्हवती. मी धुताना आत पानी घालत हुतो. हिनं तुला सांगितलं न्हाय, मला तू बोलशील म्हणून. माज्यापायी हिची गाडी इकू नगंस."

विलासरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी मॅडमकडे बघितलं. शेवटी ते गिऱ्हाइकाला म्हणाले, माफ करा, गाडी विकायची नाही. किल्ली त्यांनी मॅडमच्या हातात दिली. गिऱ्हाईक वैतागलं, पण चहा पिऊन गेलं.

गाडी आजही शाळेला जाते. तात्या दर रविवारी फोन करून ऑइल किती आहे ते सांगतात. मी विचारलेलं नसतं.

आणि मी? मिसिंगची तक्रार आली की आता स्कॅनर काढायच्या आधी विचारतो, तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं? लोक माझ्याकडे विचित्र बघतात. बघू देत.