खोक्यातली पटाशी

अखिल-खान्देश-काष्ठपेटिका-निर्माणधुरंधर, मंद्रनादमार्तंड, शेजारनिद्राभंजक अस्मादिक समस्त मित्रमंडळास सखेद निवेदन करतात की, आज सकाळी आमच्या निष्कलंकत्वाचे निधन झाले.

नव्वदच्या सुमारास धुळ्यात रशीदचाचांच्या सुतारखान्यात मी स्वहस्ते स्पीकरचे लाकडी खोके बांधले. मागची फळी सरसाने चिकटवली आणि चाचांची लाकूड कोरायची पटाशी दिसेनाशी झाली. ती त्यांच्या वडिलांची होती.

"तूच कुठंतरी ठेवली असशील," चाचा म्हणाले. मी संस्कृतप्रचुर शपथ घेत घेतच खोके उचलले आणि तो उंबरठा कायमचा त्यागला. तेव्हापासूनच्या खडखडाटाचा दोष मी स्पीकरला देत आलो.

आज स्पीकर बदलण्यासाठी जळगावच्या घरी ती फळी उचकटली. तळाशी पटाशी पहुडली होती!

तासभर अंगणात येरझारा घातल्या. बसवेना, जेववेना. अखेर धुळे गाठले आणि वृद्ध चाचांपुढे ती ठेवली.

"आलास का पंडित! तू खोकं उचललंस तेव्हाच आत खडखडली ना ती."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुझी शपथ चालू होती, मध्ये कसं बोलणार? वाटलं, उद्या येशील तेव्हा सांगू. तू आलाच नाहीस."

मंडळी, असा एखादा उंबरठा तुम्हीही त्यागला आहे काय? माझे चित्त अजून थाऱ्यावर नाही.

त्यात घरी येऊन नवा स्पीकर बसवला, फळी पुन्हा ठोकली, तरी खोके खडखडतेच आहे. आता आत काय राहिले, कळेना.