बंदरासमोरची शेरडं

भांडगावच्या कोंडिबानं मेंढरं विकून शेतीत पाय रोवले, तेव्हा त्याचा ज्योतिबा रांगत होता. त्यामुळं ज्योतिबाला जनावरांतलं काही कळत नव्हतं. त्याला कळायचा स्वयंपाक. सणसवाडीला परप्रांतीय कामगारांच्या एका मेसमध्ये तो भात-आमटी रांधायचा. मेस बंद पडली, तेव्हा शेजारच्या खोलीत राहणारा मांडवी बंदराकडचा हारून म्हणाला, "मेरे मामू के जहाज पे भंडारी चाहिए. चलेगा?" भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी.

पोहता येत नसतानाही ज्योतिबा हो म्हणाला. घरी मात्र त्यानं दुबईला हॉटेलात काम मिळाल्याचं सांगितलं. समुद्राचं नाव काढलं असतं, तर बायकोनं, अनुपमानं, त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

जहाज लाकडाचं होतं. त्याला इंजिन होतं, शिवाय वारा चांगला असला की डिझेल वाचवायला शीड चढवायचे. हारूनचे मामा इस्माईलभाई त्या जहाजाचे नाखुदा, म्हणजे कप्तान. मागच्या बाजूला समुद्रावर लोंबणारं लाकडी खोकं होतं, तोच संडास. पहिल्यांदा त्यात बसला तेव्हा ज्योतिबानं दोन्ही हातांनी फळ्या धरून खंडोबाचा धावा केला होता. पण हळूहळू अंगवळणी पडलं. जहाज डुलत असताना पातेलं दोरीनं चुलीला बांधून भात कसा करायचा, हेही तो शिकला.

दिवाळी झाल्यावर त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून शेरडं-मेंढरं भरली आणि समोरच्या अरबांच्या मुलखात निघाले. पोचले, पण तिथल्या जनावरांच्या डॉक्टरला काही शेरडांच्या तोंडाला फोड दिसले. हुकूम सुटला, जनावर उतरणार नाही, माणूसही नाही. लांब जाऊन नांगर टाका.

तिथून त्यांचे दिवस थांबले. समोर गाव दिसायचं. पांढरी घरं, किनाऱ्यालगतचा रस्ता, त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या. वारा तिकडून असला की तळणाचा वास यायचा. ज्योतिबा कठड्याला टेकून त्या गाड्यांकडे बघत राहायचा. भांडगावला हायवेच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून तो कुरकुर करायचा. इथं त्या गाड्यांचा आवाजच पोचत नव्हता. डेकवर पाय टाकायला जागा नव्हती. जिकडंतिकडं जनावरं, लेंड्या आणि मुताचा डोळे झोंबणारा वास. जहाजाच्या मालकाचा फोन लागेनासा झाला. बंदरातून पिण्याच्या पाण्याची होडी आधी रोज यायची, मग कधीतरी यायला लागली.

एका दुपारी हारूननं सदरा काढला आणि कुणाला काही न सांगता पाण्यात उडी मारली. किनाऱ्याकडे हात मारत निघाला होता. अर्ध्या वाटेत गस्तीच्या बोटीनं त्याला उचललं आणि परत जहाजावर आणून सोडलं. तो कोपऱ्यात ओलाचिंब बसून राहिला. ज्योतिबानं चहा पुढं केला तर म्हणाला, "उधर मिट्टी थी, भाई. बस पैर रखना था."

किनाऱ्याजवळ असल्यानं फोनला रेंज यायची. मागचा गलका ऐकू जाऊ नये म्हणून ज्योतिबा इंजिनच्या खोलीत शिरून घरी बोलायचा. एकदा मात्र इंजिन दुरुस्तीला उघडलेलं होतं, म्हणून त्याला डेकवरूनच बोलावं लागलं.

"अवो, तुमच्या हाटेलात शेरडं कशी वरडत्यात?" अनुपमानं विचारलं.

"टीव्ही लागलाय."

"मला शेरडाचं वरडणं वळखू यीत न्हाई व्हय? तान्हेली हायती ती. खरं सांगा, कुठं हाय तुम्ही?"

ज्योतिबाला खोटं सुचेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "आबा, तुम्हीच बोला ह्यांच्याशी. माझ्याच्यानं न्हाई बोलवत."

कोंडिबा फोनवर आला. तो रागावला नाही. "ज्योत्या, तोंडं कशी हायती त्यांची?"

"फोड आल्यात. व्हटावर खपल्या."

"आजारी येगळी बांध. तुरटीच्या पान्यानं तोंड धू, हळद-तेल लाव. आन् तुझं हात नीट धू, माणसालाबी लागतं ते."

"आबा, आमालाच पियाला पानी पुरंना."

म्हातारा म्हणाला, "तर मग जेवढं जमंल तेवढं कर, लेका. मुकं जनावर हाय, तुझ्याकडंच बघणार."

ज्योतिबानं स्वयंपाकघरातली हळद काढली. काही शेरडांची तोंडं सुधारली, पण पाण्यावाचून कितीतरी मेली. मेलेलं जनावर समुद्रात टाकायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. बंदरातून नकारच येत राहिला. आणि इंजिन एकदा उघडलं ते काही केल्या सुरू होईना.

शेवटी एका सकाळी इस्माईलभाईंनी सगळ्यांना गोळा केलं. "यहाँ बैठे तो सब मरेंगे. हवा अच्छी है. शीड चढाओ, वापस जाएँगे."

नांगर हातानं ओढला. मग शिडाचं लांबच लांब लाकूड वर चढवायला सगळे दोराला लागले. ज्योतिबाच्या तळहातांची सालटं निघाली. शीड फुगलं, जहाज कलंडलं, आणि ते गाव, तो रस्ता, त्या बसगाड्या मागं सरकू लागल्या. हारूननं तेवढं तोंड फिरवलं.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा ज्यानं माल भरून दिला होता त्या व्यापाऱ्यानं शिव्या घालत उरलेली जनावरं उतरवून घेतली. ज्योतिबा वाळूत बसला, तर त्याला जमीनच हलल्यासारखी वाटली. पुढं मांडवीला जाणाऱ्या दुसऱ्या जहाजावरून तो परतला आणि रेल्वेनं दौंडला उतरला.

स्टेशनावर अनुपमा एकटीच आली होती. तिनं त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. "परत खोटं बोललासा, तर म्या घ्यायला येणार न्हाई," म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली.

नंतर त्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळालं. पण कामाची पाळी सुरू झाली की कंपनीचं गेट बंद व्हायचं, आणि तेवढ्यानं त्याचा जीव घाबरा व्हायचा. आठवड्यातच त्यानं ते काम सोडलं. आता तो पाटसजवळ एका ढाब्यावर भाकऱ्या थापतो. भटारखान्याला तीन बाजूंनी भिंतच नाही, म्हणून पगार कमी असूनही तो तिथं टिकलाय.